विनेशच्या प्रोग्रॅममध्ये कल्पिता

दिवेआगरात कुणाचा कॉम्प्युटर अडला की हाक विनेशलाच जायची. कुठली खोली भरली, कुठली रिकामी हे बुकिंग कंपनीच्या सर्व्हरला आपोआप कळवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. पाहुणे ठेवणाऱ्या बऱ्याच घरांत तो चालायचा. म्हणून नीराकाकीच्या अंगणात कल्पिताची स्कूटर दिसली तेव्हा त्याचा जीव जळला.

कल्पिता गावातल्याच दत्तात्रेयकाकांची मुलगी. पुण्याच्या कंपनीचं काम आता ती गावातूनच करायची.

नीराकाकीचा प्रोग्रॅम बरेच दिवस 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढंच सांगत होता. विनेशने नेटवर खापर फोडलं, राउटर बदलायला लावला. तरी तेच. मग भरलेली खोली साइटवर रिकामी दिसली आणि पनवेलचं एक कुटुंब पोरंबाळं घेऊन दारात उभं राहिलं. काकीने हातापाया पडून त्यांची शेजारी सोय केली, आणि फोन केला तो कल्पिताला.

विनेश न बोलावता आत गेला. तो आला की काकी त्याला वेताची खुर्ची द्यायची. तीत आज कल्पिता बसली होती. शेजारी ताटलीत घावन आणि नारळाचा गोड रस. त्याला कधी चहापलीकडे काही मिळालं नव्हतं.

"नेटच मरतंय इथलं," तो उभ्या उभ्या म्हणाला.

"नेट चालू हाय रे," काकी म्हणाली. "तिनं बघितलं."

कल्पिताने सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून दाखवला. उत्तर लगेच आलं. "म्हणजे नेट ठीक आहे, सर्व्हरही जागा आहे. ब्राउझरला उत्तर मिळतं आणि प्रोग्रॅमला मिळत नाही. फरक या दोघांतच असणार."

 तिला ते सापडू नये असं विनेशला मनापासून वाटत होतं. तिने कपाळाला हात लावावा, काकीने त्याच्याकडे वळावं, एवढंच त्याला हवं होतं.

तिने प्रोग्रॅमची लॉग फाइल, म्हणजे तो काय काय करतो त्याची नोंद, उघडली. विनेश नेहमी त्या फाइलची पहिली ओळ वाचून थांबायचा. कल्पिता खाली खाली जात राहिली आणि एका लांबलचक ओळीवर थांबली. सर्व्हरची ओळख पटवून बोलणं गुप्त ठेवण्याची जी पद्धत असते, तिची जुनी आवृत्ती कंपनी टप्प्याटप्प्याने, एकेका घरासाठी बंद करत होती. प्रोग्रॅम अजून त्याच जुन्या पद्धतीने दार ठोठावत होता.

"हा लिहिला तेव्हा बरोबरच होता," ती म्हणाली. "आता नवी पद्धत वापरायला सांगावं लागेल."

तिने कोडची फाइल मागितली. द्यायला विनेशचं मन होईना. पण काकी बघत होती. त्याने दिली. तिने ओळ बदलली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, आणि साइटवरच्या खोल्या एकेक करून बरोबर दिसू लागल्या.

"गुणाची पोर," काकी म्हणाली आणि तिच्या ताटलीत आणखी एक घावन वाढलं. मग विनेशकडे बघून, "तू पण घे." ते 'पण' त्याला फार लागलं.

तो निघणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या वाडीतला गणराज. त्याच्याकडेही तीच तक्रार सुरू झाली होती. उद्या सगळीकडून हेच येणार, हे विनेशला कळून चुकलं. फोन ठेवून तो थोडा वेळ अंगणात घुटमळला. कल्पिता स्कूटर वळवत होती.

"ती खालची ओळ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कशी वाचायची ते दाखवशील?"

"चल ना, गणराजदादाकडेच बघू."

'बघू' म्हणाली, 'बघ' नव्हे. तिच्या या समजूतदारपणानेही त्याची चिडचिड झाली, पण तो गेला. पुढच्या काही दिवसांत दोघांनी मिळून सगळ्या घरांतला प्रोग्रॅम दुरुस्त केला, आणि लॉग शेवटपर्यंत वाचायला विनेश शिकला.

तरी अजूनही कुणाचा फोन आला की तो आधी विचारतो, "कल्पिताला विचारलंत काय?" समोरचा 'न्हाय' म्हणाला, की चप्पल घालून लगेच निघतो.