तीन महिने आधी

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या भांडणात माझ्या नवऱ्याने काठी मारली आणि शेजारच्या शेताचा धनी दवाखान्यात पोचायच्या आत गेला. नवऱ्याला दहा वर्षांची सजा झाली. मी धाडजवळच्या आमच्या गावातच राहिले. मजुरीला जात राहिले.

पाचव्या वर्षी त्यांचं पत्र आलं. जेलात राहून बीए करता येतं, पास झालं की सजेतून तीन महिने माफ होतात, शाळेचा दाखला पाठव.

मी जीपने धाड गावी, त्यांच्या शाळेत गेले. ऑफिसातला बाबू म्हणाला, "ज्याचा दाखला त्यालेच पाठवा."

"ते नाही येऊ शकत."

"काऊन?"

"जेलात हायेत."

ऑफिसातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबूने रजिस्टर काढलं. लाज वाटायला हवी होती. मी नुसती टेबलावरच्या शिक्क्यांकडे पाहत उभी राहिले.

ते पास झाले. ठरल्या दिवसाच्या तीन महिने आधी, भर दुपारी दारात आले. हातात पुस्तकांची पिशवी होती.

"जेवता?" मी विचारलं.

"हाव."

पुढे कितीतरी दिवस बाहेर जाताना ते उंबऱ्याशी थांबायचे. मी चुलीपासून मान वर न करता "जा" म्हणायचे, तेव्हा पाय उचलायचे.

ते आले त्याच आठवड्यात हापशीवर मेलेल्या माणसाची बायको भेटली. आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना टाळत आलो होतो.

"आला म्हने तुहा मानूस. लवकरच आला."

"हाव. तीन महिने."

"कायचे?"

"शिकले ना तिथं. बीए झाले."

ती हापसत राहिली. कळशी भरून वाहू लागली तरी थांबली नाही. मग म्हणाली, "तीन महिन्यात तं माह्या पोरीचं लगन झालं असतं, बाप असता तं."

मी तिची कळशी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. तिने ठेवू दिली आणि ती गेली.

घरी येऊन मी भाकरी केल्या. त्यांना काही सांगितलं नाही.

आता ते चिखलीला तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितात. सकाळच्या एसटीने जातात, संध्याकाळी येतात. अक्षर चांगलं आहे म्हणतात लोक. ती बाई अजून आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. आमचं पुन्हा बोलणं झालेलं नाही.