हात खाली!

फोटोमामांनी एकदा भर मांडवात नवरदेवाच्या हातावर फटका मारला होता. बिचाऱ्यानं फोटोसाठी हौसेनं हात उंचावला होता. "हात खाली! आधी हात खाली!" मामा गरजले. वरमाय तणतणली, मामा ढिम्म. क्रांती चौकाजवळ त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकं मला विचारायची, "ताई, ह्यो माणूस डोक्यानं बरा हाय ना?" मी म्हणायची, "तुमच्या-माझ्यापेक्षा बरा आहे. फोटो काढायचा तर काढा, नाहीतर वाट धरा."

कारण मला ठाऊक होतं. तरुणपणी मामा एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढत. शहरात दंगल पेटली, तेव्हा मुकुंदवाडीत जमावानं एका म्हातारीच्या अंगावर तिच्याच घराची भिंत लोटली. शेजारचा नामदेव गवंडी धावला आणि विटा उचलून मागं फेकू लागला. रक्तानं माखलेला, गालावर मोठा मस, तोंड वासून ओरडणारा, डोक्यावर वीट धरलेला नामदेव मामांनी टिपला. खाली विटांतून निघालेला म्हातारीचा हातही फोटोत होता.

पेपरात जागा कमी पडली म्हणे! मेल्यांनी खालचा भाग कापला. उरला फक्त वीट उगारलेला नामदेव.

दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला घरातून फरफटत बाहेर काढलं, लोखंडी गजानं उजवा हात ठेचला. कोपराखाली हाड शिल्लक राहिलं नाही. हात गेलेला गवंडी शहरात करणार काय? गेला गावाकडं, फुलंब्रीला. मामांनी पेपर त्याच आठवड्यात सोडला. "ताई," ते म्हणायचे, "म्या त्याचा फोटो नाय काढला. त्याला शहरातून काढलं."

पुढं मोबाइल आले आणि तो अर्धा फोटो दरवर्षी फिरू लागला. 'ओळखा हा राक्षस!' मामा लगेच अख्खा फोटो पाठवायचे. उत्तर यायचं, "मामा, एडिटिंग लई भारी!" एकदा त्यांनी मोबाइलच भिंतीवर फोडला. "अर्धा खरा आन अख्खा खोटा व्हय रे?" असं म्हणत म्हातारा हमसून रडला.

मामा गेले. शोकसभेला कुणीतरी मोठं बॅनर लावलं. मामांच्या चेहऱ्याशेजारी, त्यांचं गाजलेलं काम म्हणून, तोच अर्धा फोटो! मी संतापून ते उतरवायला निघाले, तेवढ्यात फुलंब्रीहून नामदेवभाऊ आले. केस पिकलेले, उजवी बाही रिकामी, डाव्या हातात हार. एका पोरानं बॅनरकडं पाहिलं, मग त्यांच्या गालावरच्या मसाकडं.

"अरे, ह्यो तर त्योच!"

त्यानं कॉलर धरून खाडकन कानाखाली वाजवली. हार धुळीत पडला, नामदेवभाऊंच्या ओठातून रक्त आलं. दुसरा फटका उगारला आणि माझ्या घशातून मामांचाच आवाज फुटला, "हात खाली!"

पोराचा हात खाली आला. पण भोवती मोबाइल धरलेले कितीतरी हात वर होते, रक्ताळलेल्या नामदेवभाऊंचे फोटो काढत.

मी पुन्हा ओरडले.