टॉवरवरच्या पक्ष्यासाठी लेन्स

आमच्या बाल्कनीसमोर, रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्यावर घारी बसतात, कावळे बसतात आणि खालच्या कठड्यावर कबुतरांचा तर बाजारच भरलेला असतो. मुलुंडला राहायला येऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्या टॉवरकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. अंधेरीच्या ऑफिसला बसने जाताना पवईच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो, येताना तेवढाच. घरी पोचल्यावर मान वर करायचीसुद्धा इच्छा उरत नाही.

बाल्कनीत माझे वडील बसायचे. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी परळच्या गिरणीत मागावर, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच एका कारखान्यात वॉचमन. आता अठ्ठ्याहत्तरीला आले होते आणि साखरेच्या आजाराने डोळे अधू केले होते. तीन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी विचारलं, "रे, टॉवरार कोण बसलाहा?"

"घार," मी बूट घालता घालता म्हणालो.

"घार न्हय ती."

"बाबा, घारच आहे."

"तू बघलंस?"

मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. त्यांचं म्हणणं एकच होतं, "घार अशी ताठ बसता काय? आणि कबुतरां ऐक. घारीक ती भियणत नाय. ह्येका भियतत." आम्ही सगळे हसायचो. बायको म्हणायची, "बाबांना समोरचा चहाचा कप दिसत नाही, टॉवरवरचा पक्षी बरा दिसतो!" ते चिडायचे नाहीत. कबुतरं भर्रकन उठली की नुसतं बोट वर करायचे.

माझ्याकडे ऑफिसातल्या एकाकडून घेतलेला जुना कॅमेरा होता. त्याच्यासोबत आलेल्या छोट्या लेन्सने मी एका रविवारी फोटो काढला. टॉवर आला, आभाळ आलं, आणि टोकावर मिरीच्या दाण्याएवढं काहीतरी काळं आलं. टीव्हीवर मोठं करून पाहिलं तर मिरीचा दाणा फुटून त्याचे चौकोन झाले. "लांबची लेन्स घेतो बाबा," मी म्हणालो, "मग तुम्हाला टीव्हीवर त्याची नखं दाखवतो."

"डोळे आसत तवसर दाखव," ते म्हणाले.

त्यानंतर मी दोन वर्षं लेन्स निवडत होतो.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण पवईच्या ट्रॅफिकमध्ये बसलेल्या माणसाला लेन्सइतका चांगला विरंगुळा दुसरा नाही. फोनवर एकामागून एक व्हिडिओ लावायचे. अडीचशे मिलिमीटरची घ्यावी की तीनशेची? तीनशेची स्वस्त मिळते, पण तिच्यात हाताची थरथर सावरायची सोय नसते. सोय असलेली घ्यावी, तर संध्याकाळच्या उजेडात ती आंधळी. सहाशेची घेतली तर पक्ष्याचं पीस न् पीस दिसेल, पण ती घ्यायची म्हणजे घरातला फ्रिज आणि माझी कंबर दोन्ही विकावी लागतील. खाडीवर फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये मी शिरलो. तिथे प्रत्येकाचा सल्ला एकच, "अजून थोडे टाक यार, एकदाच चांगली घे." मी अजून थोडे टाकायची वाट बघत राहिलो. तेवढ्यात मुलीची फी आली, सोसायटीचं रंगकाम आलं.

"तू लेन्स घेतोयस की जावई शोधतोयस?" बायको म्हणाली. मला हसू आलं नाही. थकलेल्या माणसाला निवडत राहणं सोपं वाटतं. त्यात काहीतरी केल्याचं समाधान असतं आणि करावं काहीच लागत नाही.

पक्षी दर हिवाळ्यात यायचा, उन्हाळा लागला की जायचा. वडील दर वेळी सांगायचे, आणि मी न बघता "घार" म्हणायचो.

शेवटी यंदा गणपतीत, विसर्जनाच्या आधीच्या रविवारी, मालाडच्या एका माणसाकडून तीनशेची लेन्स घेतली. वापरलेली होती, पण थरथर सावरणारी. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. "काका, झकास आहे, दोन वर्षांत चारदा वापरली असेल," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याने जांभई दिली. मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून मोबाइलची बॅटरी काचेतून मारून पाहिली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही नव्हतं. घासाघीस करायचं त्राण माझ्यात नव्हतं आणि त्याच्यातही. पाच मिनिटांत व्यवहार झाला. दोन वर्षं मी नेमकं काय करत होतो, हे परत येताना मला आठवेना.

घरी आल्यावर खोका उघडणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "थांब. पूजा झाल्याबिगर हत्याराक हात लावचो नाय."

"बाबा, हत्यार कसलं? लेन्स आहे."

"हातात धरून काम करतंस ना? मग हत्यारच. आता पितृपक्ष येतलो, त्यात नवी वस्तू काढूची नाय. दसऱ्याक काढूया."

गिरणीत दसऱ्याला मागाला झेंडूचं तोरण बांधायचे, गंध लावायचे, तेव्हाच माग सुरू व्हायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. वाद घालायला दम हवा. खोका कपाटात गेला. पक्षी तरी अजून कुठे आलाय, असा हिशेब मी केला. चारेक आठवड्यांनी काय बिघडतंय!

नवरात्रात एका सकाळी कबुतरं भर्रकन उठली. "इलो," वडील म्हणाले. बोट मात्र त्यांनी वर केलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण ऑफिसला उशीर होत होता.

दसऱ्याला चौरंगावर माझी लेन्स, मुलीची वह्या-पुस्तकं आणि बायकोची शिलाई मशीन मांडली. लेन्स शोभून दिसावी म्हणून मीच तिचं झाकण काढून ती काच वर करून उभी ठेवली होती. पूजा वडिलांनी करायची. त्यांनी वाटीत अंगठा बुडवला, दुसऱ्या हाताने लेन्स चाचपली, आणि ओल्या गंधाचा अंगठा सरळ काचेवर टेकवून वर ओढला. मागोमाग त्यावर अक्षता दाबल्या.

"बाबा!" मी ओरडलो. "काच आहे ती! दिसत नाही का?"

शेजारचे ऐकतील इतक्या जोरात ओरडलो. सणाचा दिवस, मुलगी बघत होती. वडिलांचा हात तसाच अधांतरी राहिला.

"खंय हा काच?" त्यांनी विचारलं.

ते माझ्याकडे बघत होते असं त्यांना वाटत होतं. ते बघत होते माझ्या शेजारच्या भिंतीकडे.

पितृपक्षातच कधीतरी त्यांच्या डोळ्यांच्या आत रक्त उतरलं होतं. एका सकाळी उठले तर सगळं लाल, मग सगळं धुरकट. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "तू दमान येतंस," एवढंच कारण दिलं. वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी इंजेक्शनं सांगितली. मागचा पडदाच सुटलाय, उजेड कळेल, चेहरे कळणार नाहीत, असंही सांगितलं. आधी का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं. मला खूप राग आला होता, सगळा स्वतःचा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी काच पुसून मी बाल्कनीत उभा राहिलो. पक्षी टॉवरच्या टोकावर ताठ बसला होता. तीनशेच्या लेन्समध्ये तो फार मोठा आला नाही, पण आला. डोकं गडद टोपी घातल्यासारखं, गालावर काळे कल्ले, छातीवर बारीक आडव्या रेघा. घार नव्हती. बहिरी ससाणा होता. तीन हिवाळे तो माझ्यासमोर बसत होता आणि ज्यांना दिसत नव्हतं त्यांनी तो ओळखला होता.

मी फोटो टीव्हीवर लावला आणि वडिलांना धरून समोर बसवलं. "बाबा, तुमचं बरोबर होतं. घार नाही. बहिरी ससाणा आहे."

त्यांनी टीव्हीच्या उजेडाकडे तोंड केलं. मला वाटलं, आता मला बरं वाटावं म्हणून दिसतोय म्हणतील. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता.

"माका काय दिसणा नाय," ते म्हणाले. "तू बघ आणि सांग. नखापासून सांग."

मी टीव्हीच्या जवळ गेलो. नखं पिवळ्या बोटांना होती, काळी, टॉवरची सळई आवळून धरलेली. तिथून मी सांगायला सुरुवात केली.