शेवंताआक्कांचा वरणाचा डबा

तालुक्याच्या कृषी कार्यालयात लोक अनुदानाची फाईल घेऊन जात. आमच्या शेवंताआक्का फाईल आणि वरणाचा डबा घेऊन जात. टेबलावर डबा उघडायचा, झाकणात वरण ओतायचं आणि अधिकाऱ्यापुढे सरकवायचं. "सायेब, आदी पिऊन बगा, मंग कागद बगा." साहेब हसत, पण पीत. दाराशी ताटकळत उभा असलेला मी, शेतकीचा पदवीधर, ते पाहून आतल्या आत जळत असे.

नेकनूरजवळच्या आमच्या गावात आक्कांची छोटी डाळ मिल होती. शिक्षण चौथी. माझ्याकडे पदवी होती, गावच्या सोसायटीचं सचिवपद होतं, अक्षर तर छापल्यासारखं. तरी कुणाला अनुदानाचा अर्ज करायचा असला की तो माझ्या दारावरून पुढे आक्कांकडे जाई. मला ते फार लागे. "बाई साहेबांना खाऊ घालून कामं करून घेते," असं मी चारचौघांत बोलून दाखवत असे. ते त्यांच्या कानावर गेलंच. "व्हय की," त्या म्हणाल्या, "दाळीचा धंदा हाय तं दाळच चारणार. लोखंडाचा असता तं खिळे चारले असते."

मग दुष्काळाचं वर्ष आलं. टँकर दिवसाआड, सोसायटीचं गोदाम रिकामं. ते गोदाम भाड्यानं घेऊन मी स्वतःची डाळ मिल घातली, ती केवळ ईर्षेनं. कर्ज काढून मशीन आक्कांच्या मशीनपेक्षा मोठं घेतलं. अनुदानाचा नियम साधा होता: आधी मशीन चालवून दाखवायचं, मग तपासणी, मग मंजुरी. मंजुरी मिळाली नसती तर मिल विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आक्कांनी आपल्या मिलचं बटण पहिलं पोतं घेऊन आलेल्या मजूर बाईच्या हातून दाबून घेतलं होतं. मला तसलं काही नको होतं. माझा नारळ आमदारांनीच फोडायचा! ते आज येतो, सोमवारी येतो म्हणत राहिले. तोवर मशीनवरचं प्लास्टिक मी कुणाला काढू दिलं नाही. शेजारी नारळ, रिबीन, कात्री, सगळं तयार. आणि आले कोण, तर तपासणीचे अधिकारी. त्यांनी प्लास्टिककडे पाहिलं, 'प्रकल्प बंद' असा शेरा मारला आणि गेले. मी दिवसभर जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का टेंपोत आपल्या गिऱ्हाइकांची तूर घालून दारात हजर. "दादा, मशीन कावून झाकून ठिवलंय? नवी नवरी हाय का काय?" बोलता बोलता त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं आणि नारळ माझ्या बायकोच्या हातात दिला. पुढे पंधरा दिवस त्या आपली निम्मी तूर माझ्याकडे पाठवत राहिल्या. मग माझ्या मिलच्या डाळीचं वरण आणि माझी फाईल घेऊन स्वतः कार्यालयात गेल्या. फेरतपासणी झाली. अनुदान मंजूर झालं.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण तो या बाईमुळे व्हावा, हे मला सहन होईना. पारावर मी सगळ्यांना सांगितलं, "आमदारांचा फोन गेला, म्हणून काम झालं." आक्का मागेच उभ्या होत्या. माझा चेहरा उतरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमदाराचा फोन लई कामाचा असतो बगा," आणि पाण्याचा हंडा उचलून घरी गेल्या. त्यानंतरही त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत. मला तेही आवडलं नाही.

आक्का गेल्या तेव्हा शोकसभेला थेट लांबच्या उमापूरहून बायका आल्या होत्या. शिकलेला माणूस म्हणून आधी बोलायला मला उभं केलं. फोनबिन काही नव्हता, माझी मिल आक्कांनी वाचवली, हे सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. पण समोर माणसंच माणसं. माझ्या वेळेला यातली किती येतील, असं मनात आलं आणि पोटात ती जुनीच आग उठली. "आक्का फार कष्टाळू होत्या," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.