आमचं दुसरीकडे ठरलं

बुद्धभूषण आमच्या भिंतीपलीकडचा. आयटीआयचा फिटर, हात चांगला, जीभ जड. द्राक्षांच्या हंगामात तो पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये थंडाव्याची मशीनं सांभाळतो. हंगाम संपला की ठेकेदार 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो आणि हा घरी बसतो. म्हणून सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्सची कायम जागा निघाली तेव्हा आमची सगळी गल्ली त्याच्या मागे लागली. वयाची अट तिशीची होती आणि त्याचं हे शेवटचं वर्ष. ही जागा गेली की कायमच्या नोकरीचं नाव काढायला नको.

आता मोठी कंपनी माणूस कसा निवडते ते ऐका. आमच्या वेळी फोरमन हातात पाना द्यायचा आणि दहा मिनिटांत काय ते कळायचं. आता आधी मोबाईलवर परीक्षा, कॅमेऱ्यासमोर मान वळली तरी बाद. त्यात प्रश्न असा, की तुम्ही स्वतःला नदी समजता की डोंगर? भूषणनं डोंगर निवडला आणि नदी निवडायला हवी होती म्हणून पुढचे कित्येक दिवस झुरत बसला. मग गंगापूर रोडवरच्या हॉटेलात गटचर्चा. विषय, समाजमाध्यमं शाप की वरदान. बेअरिंग बदलणाऱ्याला त्याचं काय करायचंय, हे विचारायची सोय नाही. परीक्षा घेणारे पुण्याचे, चर्चा घेणारे मुंबईचे, फोन करणारे बंगळूरचे. या हाताचं त्या हाताला माहीत नाही, आणि भूषण तीच माहिती प्रत्येकाला नव्यानं सांगतोय. एवढ्या सगळ्यात जमेची गोष्ट एकच. येवल्याचा मुस्तकीम, हाही फिटर, बाप पैठणी विणणारा, त्याचा तिथे दोस्त झाला.

शेवटच्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" भूषण म्हणाला, "गेटच्या आत." सगळे हसले. हसले ते चांगलं की वाईट, याला कळेना. उठताना मॅडम म्हणाल्या, "छान. आम्ही कळवतो."

घोडं पेंड खातं ते इथे. कारण त्यांच्या घरात 'कळवतो' या शब्दाला एकच अर्थ आहे. भूषणची बहीण साक्षी, तिला बघायला पाहुणे यायचे. पोहे खायचे, शिक्षण, उंची, स्वयंपाक सगळं विचारायचे आणि चपला घालता घालता म्हणायचे, "कळवतो." एकानंही कधी कळवलं नाही. भूषणची आई विमलाबाई फार मानी. त्यांनी नियमच केला, आपण होऊन विचारायचं नाही. आणि मध्यस्थ पडक्या चेहऱ्यानं दारात आलाच, तर त्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायचं, 'आमचं दुसरीकडे ठरलं.' म्हणजे नकार तरी आपला राहतो. पुढे साक्षीला चांगलं घर मिळालं, आणि ते या नियमामुळेच, अशी विमलाबाईंची खात्री झाली.

भूषणनं घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा कणकेतला हात थांबला. "कळवतो म्हणले? मग सोड तो नाद, बाबा. ज्याला करायचंय तो बसल्या बैठकीला सांगतो. आता फोन करून हात पसरायचे नाय."

त्यानं हात पसरले नाहीत. महिना उलटला, हंगाम सुरू झाला, तो पिंपळगावला जाऊ लागला. एक दिवस मशीनच्या खडखडाटात बंगळूरहून फोन आला. एक मुलगी हिंदीत विचारत होती, मेंटेनन्सच्या जागेत तुम्हाला अजून रस आहे का? त्यानं 'अजून' एवढंच ऐकलं. त्याला वाटलं, आता ही नाही म्हणणार. ताठ मानेनं तो म्हणाला, "नहीं मॅडम, हमारा दूसरी जगह तय हो गया." तिनं पुन्हा विचारलं, "पक्का ना, सर?" "पक्का." तिनं शुभेच्छा देऊन फोन ठेवला. संध्याकाळी विमलाबाई म्हणाल्या, "बरं केलंस." खरं सांगतो, तेव्हा मलाही ते बरंच वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. मुस्तकीम कलाकंदाचा पुडा घेऊन आला.

"भूषणभाई, माझं काम झालं. जागा एकच होती, मी दुसऱ्या नंबरला होतो. पहिल्याला जॉइनिंगसाठी फोन केला, तर तो बोलला म्हणे, माझं दुसरीकडे ठरलं. कोण होता काय माहीत. अम्मी रोज त्याच्यासाठी दुआ मागते."

विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी कपात बघत बसलो. भूषणनं कलाकंदाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि मुस्तकीमला मिठी मारली. "मुबारक हो," म्हणाला.

"आणि तुला काय बोलले?"

"कळवतो म्हणाले."

"मग फोन कर ना, यार. मी तर दर आठवड्याला करत होतो. कामच मागतो आपण, त्यात लाज कसली?"

"करतो," भूषण म्हणाला.

मुस्तकीमला येवल्याची बस गाठायची होती, तो गेला. मला त्याचा राग यावा असं काही नव्हतं. त्या मॅडमचाही नाही. त्यांनी 'कळवतो' म्हटलं आणि खरंच कळवलं. असं कुणी करतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

विमलाबाई भूषणशेजारी येऊन बसल्या. "तुझी नोकरी मी घालवली रे," त्या म्हणाल्या.

तो नाही म्हणेल, म्हणून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं पुड्याला दोरा बांधला आणि पुडा फळीवर ठेवला.