वाघिणीसमोरचा रिव्हर्स

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या गेटवर रोज सोबत चहा पिणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काही नाही. सांगायचं आहे, एवढंच.

मी मोहर्लीला जंगलाच्या गेटवरून जिप्सी चालवतो, पर्यटकांना जंगल दाखवतो. हे काम मला सहज मिळालं असं समजू नका. वर्षानुवर्षं उस्तादाची गाडी धुतली, टायर बदलले, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे स्टिअरिंग हाताला लागलं. आणि मग आमच्याकडे बायकांना ड्रायव्हिंग शिकवायचा वर्ग निघाला. शिकवायला कोण? मीच. पहिल्याच दिवशी त्या थेट ड्रायव्हरच्या सीटवर! माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

त्यांच्यात वनिताबाई होती. तोवर तिनं मोह वेचला होता, तेंदूपत्ता तोडला होता आणि दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, चिखलात वाकून एकेक रोप लावत, धानाची रोवणी केली होती. सायकलसुद्धा कधी चालवलेली नव्हती. गाडीत चढताना तिनं चप्पल खाली काढून ठेवली. मी हसलो, तर म्हणाली, "पायाले समजलं पायजे ना भाऊ, काय दाबून राह्यली ते."

आणि तिच्या पायाला समजत गेलं. चढावर थांबवलेली गाडी मागे न सरकू देता उचलायची — मी यासाठी किती मार खाल्ला होता! तिनं उचलली तेव्हा मी बघतच राहिलो. कौतुक वाटलं का? वाटलं. पण त्याच्या खाली भीतीही होती. गेटवरून गाड्या नंबरानं सुटतात. उद्या ही माझ्या आधी उभी राहिली तर?

आता सांगतोच. आमच्याकडे वाघ बऱ्याचदा रस्त्यानंच चालत येतो, थेट गाडीसमोर. तो रस्ता सोडत नाही, आणि गाडी वळवायला जागा नसते. अशा वेळी ड्रायव्हरनं त्याच्याच चालीनं गाडी मागे घ्यायची — वळणावळणानं, इंजिनचा आवाज न वाढवता, बांबूत न घुसता. प्रत्येक उस्ताद हे चेल्याला शिकवतो. मी शिकवलं नाही. लायसन्सपुरता मैदानातला रिव्हर्स शिकवला आणि हात झटकले. मनात म्हटलं, पडेल एकदा तोंडघशी, मग जाईल आपल्या रोवणीला.

माणूस असा विचार करतो? मी केला.

शेवटी चाचणीची फेरी आली. ती नीट झाली तरच वनिताबाईला गेटवर नंबर मिळणार होता. ती स्टिअरिंगवर, बाजूला मी, मागे बाकीच्या बाया. एका वळणाच्या पुढे — वाघीण. रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडेच येत होती. उघडी जिप्सी, मागे सगळ्या श्वास रोखून बसलेल्या. वनिताबाईला गाडी अशी मागे घेता येणार नाही, हे तिथं फक्त मलाच माहीत होतं. "थांब, मी घेतो," एवढं तरी म्हणायचं ना?

वनिताबाईनं मान मागे वळवली आणि गाडी मागे निघाली. सावकाश. जी वाघिणीची चाल, तीच गाडीची. एक वळण गेलं, मग दुसरं. झटका नाही, आवाज नाही, बांबूची एक फांदी गाडीला लागली नाही. मग वाघीण आपली आरामात नाल्यात उतरून गेली. इतकी वर्षं मी या जंगलात वाघ बघतो आहे, पण त्या दिवशी मी बघत होतो ते पेडलवरचे तिचे अनवाणी पाय. शिकायला मिळालं तर माणूस कुठून कुठे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"तुमी हे शिकवाचं इसरून गेले असान भाऊ," ती हसत म्हणाली. "दुपारी तुमी जेवून झोपत होते ना, तवा सासू शिदोरी घेऊन ये. सासूच वाघ बनून समोरून चाले, अन् मी गाडी मांगं घेवो. रोवणीत जनमभर मांगं मांगंच त चाललो आमी!"

मागच्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो. म्हटलं, "हो, राहूनच गेलं ते."

आता वनिताबाईचा नंबर लागतो, आणि रिकाम्या वेळात ती नव्या बायांना शिकवते. आधी चप्पल काढायला लावते, आणि जंगलातला रिव्हर्स सगळ्यात पहिले. मी तिथून चाललो की बोट दाखवून म्हणते, "मले या भाऊनं शिकवलं. यायच्यामुळंच मी इथी हावो." त्या वाकून माझ्या पाया पडतात. मी पाय मागे घेत नाही.

मी विसरलो नव्हतो.