सेपामावशीचा हात

आमच्या गल्लीतल्या तेबानला मिशी म्हणून नाही, दाढीही नावालाच. तरी हा माणूस माझ्या दुकानातून सारखी ब्लेडं न्यायचा. मी काय दुधखुळी? एकदा धरलाच. "काय रे, हजामत करतोस तरी कुणाची?" तो कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं हाफपँटीखालचे आपले पाय दाखवले. अगं बाई, नवरीचेसुद्धा इतके गुळगुळीत नसतील!

तेव्हा उलगडा झाला. रोज संध्याकाळी टीव्हीवर लागायची ती सिनागा, जुन्या कॉमिकमधली, केसांत शिंपल्याची फणी खोवली की आकाशात झेपावणारी. लांबून उडताना दिसायची ती नटी नव्हेच. विग आणि लाल झगा घातलेला आमचा तेबान! मूळचा माडावर चढून माडी काढणारा, उंचीची भीती कशी ती ठाऊक नाही, आणि कंबर माझ्या दंडाएवढी.

"पण चोलेंगताई, सासूबाईंना सांगू नका," तो गयावया करत म्हणाला. "आधीच मी त्यांच्या मनातून उतरलेला."

उतरलेला कसला, कधी चढलाच नव्हता! सेपामावशीच्या लेकीला, लुमेनला, त्यानं पळवून नेऊन लग्न केलं, तेव्हापासून मावशीनं त्याला हात दिला नव्हता. घरात शिरल्यावर थोरांचा हात धरून कपाळाला लावायचा आणि आशीर्वाद घ्यायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही चुकत नाही. तेबान रोज वाकायचा आणि मावशीचा हात नेमका एप्रनच्या खिशात जायचा, नाहीतर डाव उचलायला. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकायचा. बघून माझा जीव तुटायचा. वर मावशी टीव्हीपुढे बसून म्हणायची, "ती सिनागा बघा, कशी धीट! नाहीतर आमच्या घरचं रत्न!" रत्न कोपऱ्यात मुकाट्यानं भात गिळत असायचं.

मग एक दिवस शूटिंग आमच्याच गल्लीत आलं. आम्हा बायकांना राक्षसाला भिऊन किंचाळायचं काम. मावशी अर्थातच सगळ्यांच्या पुढे. क्रेनवरून सिनागा खाली आली, केस तोंडावर, आणि उतरली ती थेट मावशीसमोर. कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, एवढंच तेबानला सांगितलं होतं. पण समोर सासू! सवयीनं मेला वाकलाच.

आणि मावशीनं, साक्षात सिनागा वाकली म्हणून, हात पुढे केला. "देव भलं करो गं बाळे."

दिग्दर्शक 'कट, कट' ओरडून दमला, तरी तेबानचं कपाळ त्या हातावरून उठेना. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राक्षसाच्या भीतीनं आलं, असं सगळ्यांना वाटलं.

दिग्दर्शकाला तेच आवडलं आणि त्यानं ते मालिकेत दाखवलं. झालं! मावशी तो हात भांड्यांनाही लावेना. जो भेटेल त्याला, "सिनागानं माझा आशीर्वाद घेतला." शेवटी मासळीवाली कोर्सिंग वैतागली आणि माझ्या दुकानापुढे, चारचौघींदेखत म्हणाली, "कसली सिनागा? नटी तेव्हा गाडीत बसून हलोहलोचा दूध घातलेला गोड बर्फ खात होती, मी या डोळ्यांनी पाहिली. तुझ्यापुढे वाकला तो विग घातलेला कुणीतरी बाप्या होता, सेपे!"

बायका फिदीफिदी हसल्या. नेमका तेबान तिथं ब्लेड घ्यायला उभा. मावशीची नजर त्याच्या पायांवर गेली, तिथून हातातल्या ब्लेडवर, आणि पुन्हा पायांवर. मी मनात देवाचा धावा केला. जन्मात एकदा मिळालेला आशीर्वाद, तोही आता ही परत घेणार.

"कुणीतरी बाप्या?" मावशी कडाडली. "जावई आहे तो माझा! तुझा जावई माडीचा जिना चढला तरी धापा टाकतो. आणि मला काय ठाऊक नव्हतं होय?"

साफ थाप! पण कोर्सिंगनं टोपली उचलून जी धूम ठोकली, ती बघण्यासारखी होती.

तेबान मात्र खांबासारखा उभा. रोज वाकणाऱ्या माणसाला आज वाकायचं सुचेना. मावशीनं हात पुढे केला होता, तो तसाच अधांतरी.

"बघतोस काय? नडगीवरचे केस राहिलेत तुझे," ती म्हणाली. "आणि घे लवकर, हात अवघडला माझा."